पायाला ठाऊक असलेली पायरी

॥ श्री महादेव प्रसन्न ॥

मु. पिंपळखेड, ता. भातकुली
८ जून २०२५

ती. स्व. मैनाताईस,
गोपालचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून हसू नकोस. फोनवर मी ओरडतो, तुला त्यातलं निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं आमची गल्ली ऐकते. शिवाय जे सांगायचं आहे ते ओरडून सांगण्यासारखं नाही.

मी आणि चंदा, दोघं बरे आहोत. वावर पेरणीला तयार आहे. खालच्या तुकड्यात तूर-सोयाबीन, वरच्यात पऱ्हाटी असा विचार आहे. चंदाने तुझ्यासाठी मुगवड्या घालून ठेवल्या आहेत, अकोल्याकडे कोणी निघालं की पाठवतो. भाऊजींना सांग की त्यांच्यासाठी वेगळ्या तिखट केल्या आहेत. तुझ्या त्यांनी खाऊ नयेत.

आता मुद्द्याचं. माझा उजवा गुडघा दुखतो. तेवढ्यासाठी पत्र लिहिलं नसतं. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी आपल्या गावची कावड पूर्णेचं पाणी घेऊन येते. तू सासरी गेल्यावर बाबांच्या खांद्यावरून ती माझ्या खांद्यावर आली, म्हणून आतलं तुला फारसं माहीत नसेल. रस्त्यात खांदे बदलतात, पण देवळातल्या पायऱ्या एकाच माणसाने उतरायच्या. आपला महादेव जमिनीच्या पोटात बसलेला. कावड दाराशी आली की माणिकबाई गुरवीण आतला बल्ब घालवते आणि समई शांत करते. भर उन्हातून आत शिरलं की डोळ्यांना काहीच दिसत नाही. दांडी खांद्यावर, एक कळशी पुढे आणि एक मागे. उजवा हात दांडीवर, डावा छातीशी, अर्ध्या नमस्कारासारखा. तसंच खाली जायचं. पिंडीवर पाणी पडलं की मग पहिला दिवा लागतो.

इतकी वर्षं मी उतरलो, पाऊल कुठे ठेवायचं याचा विचार कधी केला नाही. गेल्या श्रावणात मात्र मधल्या पायरीवर माझा उजवा पाय, जिथे दगड असायला हवा होता तिथे गेला आणि तिथे दगड नव्हता. मी घसरलो नाही ताई, दगड कोरडा होता. पायाला पायरी सापडली नाही, एवढंच. मागून कावड मंडळातल्या अमोलने धरलं म्हणून वाचलो. पुढची कळशी सांडली. माणिकबाईने मागच्या कळशीचं पाणी घालून दिवा लावला. गावात कोणी वाकडा शब्द काढला नाही, पण माझ्या मनाने घेतलं की महादेवाने माझ्यासाठीची पायरी काढून घेतली.

म्हणून तेव्हापासून रोज पहाटे देवळाभोवती अनवाणी प्रदक्षिणा घालतो, डोळे मिटून. वाटलं होतं सेवा वाढली की राग जाईल. झालं उलटंच. गुडघा सुजला आहे आणि आता सपाट जमिनीवरही पाऊल अंदाजाने पडतं.

नागपंचमीला मंडळाची बैठक आहे. यंदा पायऱ्या कोण उतरणार ते तिथे ठरेल. अमोल तयार आहे, पोरगा चांगला आहे. उतरतो म्हणायची मला हिंमत नाही आणि नाही उतरत म्हणायला जीभ वळत नाही. तू मोठी आहेस, तुझं मन काय म्हणतं ते लिही.

भाऊजींना नमस्कार. माया आहे तशीच असू दे.

तुझा
गोपाल


अकोला
१७ जून २०२५

चि. गोपालले,
मैनाताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र भेटलं. मी बोलते तशीच लिहिते, शाळेतल्या मराठीची आशा करू नको. तुझ्या भाऊजींनी पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं, मंग मी पुन्हा वाचलं, काहून की वाचता वाचता ते मधातच आपल्या पदरचं घालतात. तिखट मुगवड्यांचा मजकूर त्यांनी तीनदा वाचला.

पहिले हे सांग, तू बावळा होय का? सुजलेल्या गुडघ्याले आराम द्याचा का त्याच्यावर फेऱ्या माराच्या? महादेवाले तुझं पाणी पाह्यजे का तुझा गुडघा पाह्यजे? त्या फेऱ्या आजपासून बंद. माझी आण आहे.

आता आईक. आमच्या गल्लीतल्या अब्दुल सत्तार टेलरची पोरगी आरजू तुले आठवते का? फ्रॉक घालून आमच्या घरी चिंचा मागाले येत होती. ती आता फिजिओथेरपीची डॉक्टर झाली. संध्याकाळी माझ्या दोन्ही गुडघ्यांसाठी येते, व्यायाम करून घेते, अन् कामचुकारपणा केला तं शाळेतल्या बाईसारखी डोळे वटारते. तिले मी तुझी सारी गोष्ट सांगतली. मले वाटलं ती हसीन. हसली नाई. तिनं एकच विचारलं, काकू, मामाचा पाय घसरला का पायाले पायरीचा अंदाज चुकला? मी म्हटलं, त्यानं तसंच लिहेल आहे, पाय घसरला नाई म्हणून. तं ती पोरगी एकदम सरसावून बसली.

मंग तिनं मले पलंगावर बसवलं, पाय खाली लोंबते. डोळे मिटा म्हणे. माझी नडगी हातात धरून हळूच वर उचलली, थोडा वेळ धरली, अन् खाली सोडली. आता तुम्ही स्वतः तेवढाच उचला म्हणे, डोळे न उघडता. उचलला. डोळे उघडून पाहते तं बरोब्बर तिथंच. मी म्हटलं, यात काय मोठं? ती म्हणे, यातच सारं आहे. डोळे मिटलेले असताना तुम्हाले कोणी सांगतलं पाय कुठी आहे ते?

गोपाल, मी बसल्या जागी गार झाली. खरंच कोणी सांगतलं? ती म्हणे, गुडघ्यात, त्याच्या भवतालच्या शिरांत, मांडीच्या मांसात बारीक बारीक जागा असतात, त्या घडीघडीले मेंदूले कळवत राहतात का आता सांधा इतका वाकला, आता इतका सरळ झाला. आपण झोपेत कूस बदलतो, अंधारात घास तोंडातच जातो, ते त्याच्यामुळं. गुडघा दुखाले लागला, सुजला, मांडी कमजोर झाली, का तो निरोप अंधुक येतो. पाय आहे एका जागी अन् आपल्याले वाटते दुसऱ्या जागी. उजेडात डोळे सावरून घेतात. अंधारात कोण सावरीन?

तुझ्या भाऊजींनी हे ऐकून बढाई मारली, का माझे गुडघे दुखतच नाईत, माझी परीक्षा घे. घेतली. दोन्ही पाय भलतीकडंच! इतके हसलो आम्ही का शेजारीण डोकावून गेली. आरजू म्हणे, दुखणं जास्त तं चूक जास्त, असं सरळ गणित नाई, माणसामाणसात फरक असते. ते आता कोपऱ्यात पेपर घेऊन बसले आहेत.

तू हे घरी करून पाह्यजो. चंदाले सांगजो नडगी धराले. अन् महादेवानं पायरी काढून घेतली असं पुन्हा लिहू नको.

जीव लावतोस तसाच लावत राह्यजो.

तुझी
मैनाताई


पिंपळखेड
२९ जून २०२५

ती. स्व. मैनाताईस,
गोपालचा शि. सा. न. वि. वि.

पेरणी आटोपली. चिखल असा आहे की पाच पावलं चाललं की पायाला मातीचे जोडे होतात. तुझी आण पाळली. प्रदक्षिणा बंद केल्या. आता पहाटे नुसता देवळाच्या ओट्यावर बसतो. सूज उतरू लागली आहे.

तू लिहिलेली परीक्षा आम्ही केली. मी बाजेवर बसलो, चंदाने पदराने माझे डोळे बांधले, कारण तिचा माझ्यावर भरवसा नाही. खूण करायला तिने तुऱ्हाटीची काडी जमिनीत रोवली. डावा पाय उचलून धरला, खाली सोडला. मी उचलला तर अंगठा काडीवरच्या खुणेशी. मग उजवा. मी उचलला, थांबवला आणि ठामपणे म्हणालो, इथेच. चंदाला विचारलं, बरोबर ना? तिने पदर सोडला. पाय खुणेच्या चार बोटं खाली होता.

ताई, मी पैज लावली असती. माझाच पाय, पन्नाशीपर्यंत माझ्यासोबत चालत आलेला, आणि तो कुठे आहे हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही हेही ठाऊक नव्हतं. चंदाने लगेच मला मान खाली घालायला लावली, म्हणाली, मी रोज सांगते उंबऱ्याला पाय घासून चालता म्हणून, तुम्ही म्हणता उंबरा वर आला आहे.

त्या दिवसापासून मला काही सुचत नाही, पण चांगल्या अर्थाने. काल धुऱ्यावरून जाताना मधेच थांबलो. बांध हातभर रुंद, दोन्हीकडे पाणी, डोक्यावर गवताचा भारा. लहानपणापासून मी असा चालतो आहे आणि माझं लक्ष कायम दुसरीकडे: भाव काय मिळेल, डवरणी कधी होईल. एवढा वेळ कोणीतरी आत बसून दर पावलाला सांगत होतं, इतकं वाकव, इतकं सरळ कर, डावीकडे कललास, सावर. मी त्याला कधी विचारलं नाही आणि त्याने कधी दमलो म्हटलं नाही. गोठ्यात आलो तर आमचं नवं वासरू उभं राहायला शिकत होतं. चारी पाय चार दिशांना. पडलं, उठलं. मी बादली हातात घेऊन पाहतच राहिलो. चंदाला वाटलं मला चक्कर आली.

मी रोज देवळात जाऊन हात जोडतो. पण इतक्या जवळ, कातड्याच्या आत एवढी मोठी व्यवस्था चालू आहे हे मला पन्नासाव्या वर्षी टेलरच्या मुलीकडून कळलं. तिला माझा नमस्कार सांग. वयाने लहान आहे, तरी सांग.

आता एकच विचारायचं आहे. अंधुक झालेला निरोप पुन्हा स्पष्ट होतो का? होत असेल तर मी पायऱ्या उतरेन. होत नसेल तर नागपंचमीला अमोलचं नाव मीच सुचवतो. कळशी सांडली तर सांडली, पण मागे धरायला आलेला पोरगा माझ्याबरोबर पडला तर मी काय तोंड दाखवू?

दोघांची आठवण येते. आशीर्वादाचा हात डोक्यावर असू दे.

तुझा
गोपाल


अकोला
९ जुलै २०२५

चि. गोपालले,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी आरजूले वाचून दाखवलं. नमस्काराचं ऐकून लाजली अन् माझ्या व्यायामाची संख्या वाढवून गेली. तुझ्या नमस्काराचं मले हे फळ.

ती म्हणे, पत्रावर इलाज होत नसते. अमरावतीले जा, हाडाच्या डॉक्टरले गुडघा दाखव, मंग तिथल्या फिजिओकडून व्यायाम शिकून घे. दुखणं पहिले का अंदाज चुकणं पहिले, ते म्हणे मोठ्या मोठ्या डॉक्टरांनाही पक्कं सांगता येत नाई. दुखते म्हणून पाय चुकीचा पडते, अन् चुकीचा पडते म्हणून पुन्हा दुखते. पण मांडी मजबूत केली, तोल सांभाळाची सवय केली, तं बऱ्याच लोकांचं सुधरते. साऱ्यांचं नाई. तिनं मले खोटी आशा देली नाई, म्हणून मीही तुले देत नाई.

पण एक गोष्ट मी माझ्या डोळ्यानं पाहिली, म्हणजे डोळे मिटून पाहिली. आरजू मले सैपाकघरात ओट्यापाशी एका पायावर उभी करते. डोळे उघडे असले तं जमते. डोळे मिटले का मी अशी डोलते का तुझे भाऊजी दोन्ही हात पसरून मागं उभे राहतात, जशी मी वरून पडणारा आंबाच होय. त्या दिवशी ती म्हणे, काकू, ओट्याले एक बोट लावा. टेकू नका, भार देऊ नका, नुसतं लावा. लावलं. अन् गोपाल, डोलणं थांबलं! ओटा मले धरून नव्हता. माशी बसावी तेवढंच माझं बोट त्याच्यावर. मी म्हटलं, हे कसं? ती म्हणे, पायाचा निरोप अंधुक आहे, तं अंगानं बोटाकडून निरोप घेतला. अंगाले फक्त कळाले पाह्यजे का आपण कुठी आहो. बाकीचं ते स्वतः करते.

मी त्या रात्री जेवताना ताटाच्या काठाले एकच बोट लावून पाहत होती. तुझे भाऊजी म्हणे, मीठ कमी पडलं का?

तुझा डावा हात रिकामाच असते ना पायऱ्या उतरताना? विचार कर.

चंदाले आशीर्वाद. मुगवड्या अजून आल्या नाईत, तेवढं मनावर घेजो, अन् आम्हालेही मनात ठेवजो.

तुझी
मैनाताई


पिंपळखेड
३० जुलै २०२५

ती. स्व. मैनाताईस,
शि. सा. न. वि. वि.

मुगवड्या शेजारच्या चंदनच्या हाती पाठवल्या, तो अकोल्याला बाजाराला गेला होता. पोचल्या असतील. तिखट पिशवीला लाल दोरा आहे.

अमरावतीला जाऊन आलो. फोटो काढला. सांध्यातली गादी झिजली आहे म्हणाले. ऑपरेशन लगेच नको, व्यायाम करा, वजन उतरवा. शिकवलं ते सगळं नेमाने करतो: बाजेवरून हात न लावता उठणं-बसणं, एका पायावर उभं राहणं, बुटक्या पाटावरून हळू उतरणं. चंदा शेजारी उभी राहते आणि मला हसू येईल असं काहीतरी बोलते. म्हणते, हसताना तोल राहिला तर खरा.

सुधारणा आहे. उंबऱ्याला पाय घासत नाही. काडीची परीक्षा पुन्हा केली, चार बोटांची चूक दीड बोटावर आली. पण दुखणं आहे, आणि डोळे मिटले की उजव्या पायावर अजून पूर्ण विश्वास बसत नाही. बोट भिंतीला लावलं की मात्र बसतो. तू लिहिलंस तसंच. मी ते पहिल्यांदा केलं तेव्हा भिंतीकडे असा पाहत राहिलो की जणू तीच काही बोलली.

काल बैठक झाली. मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. पुढे म्हणालो, मी उतरेन, पण डावा हात छातीशी नसेल, भिंतीला असेल. त्यावर गोंधळ झाला. काही म्हाताऱ्यांनी सांगितलं की हात छातीशी ठेवायचा ही रीत आहे, रीत मोडायची तर मग माणूसच बदला. कोणी म्हणालं, बल्बच चालू ठेवा, झंझट नको. त्यावर माणिकबाई अशी कडाडली की बल्बचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. अमोल उभा राहिला आणि म्हणाला, काका उतरून राहिले तं मी मांगं आहो, काका नाही म्हणत असतीन तं मी उतरतो, पण भांडू नका बाप्पा. शेवटी ठरलं ते असं: कावड माझ्याच खांद्यावर, हात कुठे ठेवायचा ते ज्याने उतरायचं त्याने आपल्या मनाला विचारावं.

म्हणजे ओझं पुन्हा माझ्याकडेच आलं. बाबा हात छातीशी धरूनच उतरत. मी तसाच उतरत आलो. तो हात काढून भिंतीला लावला तर ती सेवा की नुसती सोय? आणि नाही लावला आणि पडलो तर तो भाव की हट्ट? मला कळत नाही. तू सांगू नकोस असंही वाटतं आणि सांगावंस असंही वाटतं.

भाऊजींना नमस्कार. आमच्यावर नजर असू दे.

तुझा
गोपाल


अकोला
६ ऑगस्ट २०२५

चि. गोपालले आशीर्वाद.

थोडक्यात लिहिते, हाताले पीठ लागेल आहे.

भिंत काय परक्याची होय? पिंड त्याची अन् भिंत दुसऱ्या कोणाची, असं आहे का? तू नमस्कार करताना हात जोडतोस, तवा दोन्ही हात एकमेकांले लागतात. एक हात त्याच्या भिंतीले लागला तं काय बिघडलं?

हे झालं डोक्याचं. मनाचं सांगते. मले एकच भाऊ आहे. सोमवारी दिवसभर माझं चित्त थाऱ्यावर राहणार नाई. तुझे भाऊजी म्हणतात फोन करू, पण मले ऐकू येणार नाई अन् ते जे सांगतीन त्याच्यावर माझा विश्वास नाई. उतरल्यावर स्वतःच्या हातानं लिहजो.

काय कराचं ते तूच ठरव. मी रागावणार नाई. कसंही उतर, पण उतरून वर ये.

तुझी
ताई


पिंपळखेड
१९ ऑगस्ट २०२५

ती. स्व. मैनाताईस,
गोपालचा शि. सा. न. वि. वि.

मी ठीक आहे. आधी तेवढं वाच, मग पाणी पी, मग पुढचं वाच.

काल सकाळी पूर्णेवरून निघालो. रात्री पाऊस पडून गेला होता, आकाश मोकळं, ऊन चांगलंच. रस्त्यात अमोलने आणि इतरांनी खांदा दिला. देवळाच्या दाराशी दांडी माझ्या खांद्यावर आली. माणिकबाई आत गेली, बल्ब गेला, समईचा उजेड गेला. दार म्हणजे नुसतं काळं भोक दिसत होतं. तोवर माझं ठरलं नव्हतं. सवयीने हात छातीशी गेला होता.

उंबरा ओलांडला. पहिली पायरी डाव्या पायाने सापडली. दुसऱ्या पायरीसाठी उजवा पाय पुढे केला आणि तो हवेतच थांबला. पुढची कळशी डोलली, दोरी करकरली. आत तेच, चार बोटं खाली की वर, कोण जाणे. त्या क्षणी मी काही ठरवलं नाही ताई. हात आपणहून छातीवरून निघाला आणि एक बोट भिंतीला लागलं.

दगड खरखरीत होता, गार. मी भार दिला नाही. उजवा पाय खाली गेला आणि पायरी तिथे होती. कळशी डोलायची थांबली. मागे अमोलचा श्वास सुटल्याचा आवाज आला. मग पुढची पायरी. गुडघा दुखत होताच, त्याने काही सुट्टी घेतली नव्हती. पण दुखत दुखत का होईना, तो कुठे आहे हे मला कळत होतं.

मधल्या पायरीच्या जवळ बोटाखालचा दगड बदलला. खरखर संपली आणि बोट एकदम गुळगुळीत जागेवर आलं, घासलेल्या सहाणेसारखं. मला वाटलं तेवढाच तुकडा असेल. बोट पुढे सरकवलं तर गुळगुळीतपणा पुढेही होता. पायऱ्या उतरत होत्या तसा तो उतरत होता, कमरेच्या जरा वर, हाताच्या उंचीने, दगडात किंचित खोल गेलेला. बोट त्यात नीट बसत होतं. मी त्याच्या मागे मागे गेलो. पायऱ्या संपल्या तिथे तोही संपला.

हा पट्टा मी उजेडात हजारदा पाहिला आहे. काळपट, तेलकट. समईचं तेल ओघळलं असेल असं समजत होतो. तेल नव्हे ताई, हात आहेत. गावच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचे, सुना-आज्यांचे, न जाणो किती पिढ्यांचे. कोणी फिजिओ नव्हता, कोणी आरजू नव्हती. ज्याचा गुडघा दुखला, ज्याला पायरी सापडेना, त्याने भिंतीला बोट लावलं आणि खाली उतरला, आणि कोणाला काही सांगितलं नाही. त्या सगळ्यांनी मिळून काळा दगड झिजवला. आणि मी एवढी वर्षं धडधाकट पायांनी त्यांच्या शेजारून उतरत होतो, हात छातीशी धरून, आणि समजत होतो की या अंधारात मी एकटा आहे.

दोन्ही कळशा भरलेल्या पोचल्या. पिंडीवर पाणी घातलं. अंधारात पाण्याचा आवाज फार मोठा वाटतो. माझा डावा हात पुन्हा मागे भिंतीकडे गेला. पट्ट्याच्या टोकावर तळवा ठेवून मी उभा राहिलो. माणिकबाईने काडी ओढायला घेतली होती. म्हणाली, काहून रे गोपाल, लागलं का कुठी? दिवा लावू?

मी म्हटलं, लागलं नाही मावशी. लावू नका इतक्यात. थांबा जरा.

ती थांबली.

चंदाचा नमस्कार. तू आहेस तिथून जीव लाव, मी आहे तिथून लावतो.

तुझा
गोपाल